काय खाल्लंस सकाळी?

२०१९ च्या जुलैतली गोष्ट. माझी शाळा तलासरी तालुक्यात, उधव्याच्या बाजूला. सकाळचा परिपाठ चालू होता. बाहेर पाऊस, म्हणून मुलं व्हरांड्यातच दाटीवाटीने उभी. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, आणि सुविचार सांगायच्या आत सहावीतली एक मुलगी सरळ खाली कोसळली. पडताना तिचा हात खिडकीतल्या पत्र्याच्या डब्याला लागला आणि डबा धाडकन फरशीवर आपटला. झालं! "भूकंप! भूकंप!" करत अख्खी शाळा भर पावसात मैदानात.

हसू नका. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरीला धक्के बसत होते. धुंदलवाडीच्या आसपास तर ते रोजचंच होऊन बसलं होतं. ऐन थंडीत माणसं घरं सोडून तंबूत झोपली होती. आवाज झाला की बाहेर पळायचं, हे मुलांच्या अंगवळणी पडलं होतं. त्या दिवशी मात्र जमीन हलली नव्हती. एका अकरा वर्षांच्या मुलीच्या पोटात काही नव्हतं, एवढंच झालं होतं.

तोंडावर पाणी मारलं, साखरेचं पाणी पाजलं. डोळे उघडल्यावर मी विचारलं, "काय खाल्लंस सकाळी?"

"चा."

"चहाबरोबर?"

ती गप्प. तिची मैत्रीण म्हणाली, "बिस्कुट होतं बाई, पण ते तिनं भावाला दिलं."

मुलं ओली होऊन वर्गात परतली, तेव्हा मी सहज विचारलं, "आज नुसता चहा पिऊन कोण कोण आलंय? हात वर करा." अर्ध्याहून जास्त हात वर. आणि चहा म्हणजे तुमच्या-माझ्या घरातला दूध-आलं घातलेला नव्हे बरं का. कोरा चहा, भरपूर साखर घातलेला. काहींनी रात्रीचा भात खाल्ला होता, ती त्यातल्या त्यात नशीबवान. आणि चार-पाच जण असे की ज्यांच्या हातात शाळेच्या वाटेवरच्या टपरीतला पाच रुपयांचा मसाल्याचा पुडा होता. तोच त्यांचा नाश्ता. बोटं लालभडक.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली. मुलीच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरी पूड होती. गेले दोन महिने मी वर्गात ओरडत होते, खडू जातात कुठे म्हणून. खडूंची पेटी आठवड्यात संपायची. कोणीतरी भिंतीवर रेघोट्या मारत असेल असं वाटायचं. ही मुलगी ते खात होती! मला रागच आला. इतकी मोठी घोडी आणि खडू खाते? चांगली समज द्यायची असं ठरवलं. ती समज पुढे माझीच मला कशी मिळाली, ते सांगते.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तिच्या पाड्यावर गेले. वारली घर, कुडाच्या भिंती, दारात लाल शेंगांनी लगडलेली मिरची. आजी ओट्यावर बसली होती. आई अजून यायची होती. ती सीमेपलीकडे उंबरगावच्या एका कंपनीत कामाला जायची. तलासरीच्या पुष्कळ बायका जातात. पहाटे साडेपाचला जीप येते, संध्याकाळी अंधार पडता पडता सोडते. बाप गुजरातच्या मच्छीमार बोटीवर खलाशी. तो आठ-आठ महिने समुद्रावर.

आई आली तशी मी सुरुवात केली. मुलीला सकाळी काही खायला देत जा, नुसत्या चहावर पाठवू नकोस, वाढीचं वय आहे, वगैरे वगैरे. शिक्षकाला बोलायची सवय असते. तिने डोक्यावरची पिशवी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "बाई, चार वाजता उठते मी. चूल पेटवून रात्रीचा भात, डाळ नेते डब्यात. पोरं तेव्हा निजलेली असतात. दहा-दहा रुपये ठेवते त्यांना खाऊला." मग जरा थांबून, "तुम्ही काय खाऊन निघता घरून?"

मैत्रिणींनो, खरं सांगू? मला उत्तर आलं नाही.

मी डहाणूची. पाचला उठायचं, आमच्या ह्यांचा डबा, मुलाचा डबा, सासूबाईंचं पथ्याचं, देवपूजा, आणि मग उभ्या उभ्या अर्धा कप चहा नि दोन बिस्किटं. एसटी चुकली तर तलासरी नाक्यावरून पुढची जीप चुकते. डबा उघडायचा तो दीड वाजता. सोमवार नि चतुर्थी धरली तर तेही नाही, मग साबुदाणा. शाळेत मधल्या सुट्टीत चहा, जेवल्यावर पुन्हा चहा, घरी गेल्या गेल्या चहा. रात्री सगळ्यांना वाढून झालं की पातेल्यात राहिलेलं. भाजी उरली नाही तर लोणचं. आपण सगळ्याच अशा जेवतो, त्यात सांगण्यासारखं काय? माझं तिच्यापेक्षा वेगळं काय होतं? बिस्किटं दोन होती, एवढंच.

पंधरवड्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. वजन, उंची, डोळे, दात. या वेळी रक्तही तपासलं. माझ्या त्या मुलीचं हिमोग्लोबिन निघालं ९.२. बारा वर्षांच्या आतल्या शाळकरी मुलांचं साडेअकराच्या वर हवं. मुलांचं झाल्यावर सिस्टर हसत म्हणाल्या, "बाई, तुम्हीपण द्या बोट." मी आपलं गंमत म्हणून दिलं.

८.७.

बाईमाणसाचं बाराच्या वर हवं. अकराच्या खाली गेलं की मध्यम रक्तक्षय, आठच्या खाली गेलं की गंभीर. मी काठावर. आणि मी काय समजत होते? चाळिशी उलटली, जिना चढताना धाप लागणारच. केस गळतात, ते डहाणूच्या खाऱ्या पाण्याने. सारखं चिडायला होतं, ते स्वभावाने. पाय दुखतात, ते एसटीत उभं राहून. प्रत्येक तक्रारीला माझ्याकडे एक कारण तयार होतं.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?" मी ठामपणे नाही म्हणणार होते. तेवढ्यात आठवलं. तांदूळ निवडताना मी दाणे तोंडात टाकते. एक-दोन नव्हे, मुठीने. मुलगा चेष्टा करायचा, आई तू उंदीर आहेस म्हणून. मला वाटायचं चाळा आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या, शरीरात लोह कमी पडलं की अनेकांना अशी न खाण्याच्या वस्तू खाण्याची ओढ लागते. कुणी खडू खातं, कुणी भिंतीचे पोपडे, कुणी पाटीवरची पेन्सिल, कुणी नुसता बर्फ चावत बसतं. ही खोड नाही, दुखण्याची खूण आहे. लोह भरून निघालं की बहुतेकांची ओढ आपोआप जाते.

म्हणजे ज्या मुलीला मी समज देणार होते, ती आणि मी एकाच आजाराच्या! फरक एवढाच की तिला खडू मिळत होते आणि मला तांदूळ.

डॉक्टर बाईंनी त्या दिवशी ज्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या काही मला पन्नाशीला टेकेपर्यंत माहीत नव्हत्या. लाज वाटते सांगायला, पण मी पदवीधर शिक्षिका. पहिली चहाची. चहात टॅनिन असतं, ते जेवणातल्या लोहाला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. म्हणजे पालेभाजी-भाकरी खाऊन वर लगेच चहा घेतला की भाजीतलं पुष्कळसं लोह वाया. जेवण आणि चहा यात निदान तासाभराचं अंतर हवं. लोहाची गोळी तर चहाबरोबर घ्यायचीच नाही. उलट लिंबू, आवळा, कच्ची कैरी, पेरू असं काही आंबट बरोबर असलं की तेच लोह जास्त अंगी लागतं. शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते, ती बऱ्याच जणी घरी नेऊन कौलात खोचतात, कारण गोळीने मळमळतं. उपाशीपोटी खाल्ली की मळमळणारच. पोटात दोन घास हवेत. पुन्हा आपण तिथेच येतो, सकाळच्या त्या दोन घासांपाशी.

दुसरी गोष्ट आमच्या भागापुरती, पण फार महत्त्वाची. प्रत्येक रक्तक्षय खाण्यातून येत नाही. आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर मरतात. अशा मुलाला नुसत्या लोहाच्या गोळ्या देत बसून भागत नाही, औषधयोजना वेगळी असते. म्हणून आधी सिकलसेलची तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. २०२३ च्या जुलैपासून तर त्यासाठी देशपातळीवरची मोहीमच सुरू झाली आहे. माझ्या त्या मुलीची तपासणी स्वच्छ निघाली. पण त्याच वर्गातला एक मुलगा, जो सारखा सांधे दुखतात म्हणून घरी राहायचा आणि ज्याला आम्ही सगळे आळशी म्हणायचो, त्याला सिकलसेल होता. आळशी म्हटल्याचं मला आजही बोचतं.

आणि तिसरं जंताचं. उघड्यावर अनवाणी फिरणारी मुलं. जंत रक्त पितात, मग कितीही चांगलं खा. जंतनाशक गोळी शाळा-अंगणवाडीत फुकट मिळते, ती मुलांनी घ्यावी एवढं तरी बघावं.

आता त्या आजीबद्दल सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी मी तिच्या सुनेला शिकवत होते तेव्हा ती ओट्यावर बसून नुसती ऐकत होती. दुसऱ्यांदा गेले, तपासणीचा कागद घेऊन, तेव्हा ती बोलली. तिच्या लहानपणी सकाळी चहा नव्हताच. आंबील असायची. नागलीचं पीठ रात्री भिजवून ठेवायचं, सकाळी आंबटसर झालेलं शिजवायचं, मीठ घालायचं, वाडगाभर प्यायचं आणि रानात जायचं. दुपारी नागलीची भाकर, उडदाची डाळ, नाहीतर सुकट-बोंबलाची चटणी. पावसाळा लागला की रानभाज्या. पहिल्या सरींबरोबर शेवळं, ती घशाला खाजू नयेत म्हणून काकडं घालून शिजवलेली. मग टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब. ओढ्यातले खेकडे, खाचरातले मासे.

मी म्हटलं, "मग आता का नाही करत, आजी?"

"पेरतं कोण?" ती म्हणाली.

हे तेवढं सोपं नाही, हे मला हळूहळू कळलं. नागली वरकस उतारावर येते. आधी राब भाजायचा, रोप करायचं, एकेक रोप लावायचं, मग कापायची, झोडायची, दळायची. घरातली सगळी माणसं लागतात. ती माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर, बोटीवर, कंपनीत. रेशनला तांदूळ मिळतो. पूर्वी दोन-तीन रुपये किलो होता, २०२३ पासून फुकट. भात पटकन शिजतो, पोरं मुकाट खातात. कोण कशाला उतारावर वाकेल? शिवाय नागली म्हणजे गरिबाची, काळी भाकर, ही लाज आहेच. मधल्या सुट्टीत एखाद्याच्या फडक्यात नागलीची भाकर निघाली की तो पाठ करून खायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि इकडे मुंबईत तीच नाचणी चकचकीत पाकिटात बिस्किटं होऊन चौपट भावाने जाते! २०२३ हे तर जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं. माझ्या पाड्यावर कुणाला पत्ता नव्हता.

तुलना करायचीच तर ऐका. शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम दहा. लोह नागलीत तांदळापेक्षा बरंच जास्त, पण खरं ते सांगायला हवं, ते सहजासहजी अंगी लागत नाही. मोड आणले किंवा आंबवलं तर जास्त लागतं. म्हणजे आजीची आंबील काही उगाच नव्हती. तिला रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, रात्री भिजवलेलं सकाळी पटकन शिजतं एवढंच तिला ठाऊक. आणि सुकट-बोंबील! वासामुळे आपण नाकं मुरडतो, पण डहाणू, चिंचणी, वरोरच्या किनाऱ्यावर दोरीवर वाळणाऱ्या त्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. मासळीतलं लोह शरीराला पालेभाजीतल्यापेक्षा सोपं जातं, आणि बरोबरच्या भाजीतलं लोहही ती जास्त पचवून देते. शाकाहारी मैत्रिणींनी रागावू नये. मीही माळकरी घरातली आहे, मी हे डॉक्टरांचं सांगते. आपल्यासाठी मोड आलेली मटकी, चवळी, तीळ, अळीव, शेवग्याचा पाला आहेच. शेवग्याला आमच्याकडे शेगट म्हणतात, दर दुसऱ्या परसात झाड असतं. शेंगा आपण आमटीत घालतो आणि पाला गुरांना.

रेशनच्या तांदळावरून आठवलं. मधली काही वर्षं सरकारने त्या तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळून द्यायला सुरुवात केली होती. २०२४ च्या मार्चपर्यंत ते सगळ्या रेशनवर पोचले. पण सांगितलं कुणी कुणाला? दाणे रंगाने वेगळे, पाण्यावर तरंगायचे. पाड्यावर बोलवा उठली की सरकार प्लॅस्टिकचा तांदूळ देतं. बायका तासन्‌तास बसून नेमके तेच दाणे निवडून टाकायच्या! ज्यासाठी एवढा खर्च, तेच उकिरड्यावर. डहाणूतल्या माझ्या शेजारणीही टाकत होत्या, तेव्हा अडाणीपणाचा शिक्का फक्त पाड्यांवर मारायला नको.

बोलता बोलता अंगणवाडीचं नाव आलं म्हणून सांगते. या शब्दाचं माहेर आमच्या तालुक्यात आहे, हे किती जणींना माहीत असेल? १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेऊ, ती कुरणशाळा. मुलांना आधी न्हाऊमाखू घालायचं, केस विंचरायचे, मग अक्षरं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. तरीही १९९२ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला, मुलं भुकेने आणि आजाराने गेली तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. २०१५ पासून आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने बाईला अंगणवाडीत दिवसातून एकदा गरम जेवण. लहान मुलांना अंडी, नाहीतर केळी. एक सेविका मला सांगत होती, बायका जेवण डब्यात भरून घरी नेतात आणि घरी ते सगळ्यांत वाटलं जातं. "बाई, इथंच बसून खा म्हटलं तर लाजतात. एकटीनं कसं खायचं, म्हणतात." एकटीने कसं खायचं! हे वाक्य मी माझ्या सासूबाईंच्या तोंडी, आईच्या तोंडी, स्वतःच्या तोंडी ऐकलंय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्या गरोदर बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं वजनाने चांगली निघाली. आणि आणखी एक विचित्र गोष्ट त्यांना दिसली. आपल्याकडची बाळं दिसायला हडकुळी, पण अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त. स्नायू कमी. अशा बाळांना पुढे मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त. म्हणजे आज आईने उपाशी राहायचं आणि चाळीस वर्षांनी लेकाला साखर निघायची. आमच्या ह्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात कुणाला नाही." घराण्यात नव्हता. पण त्या स्वतःच सांगतात, ह्यांच्या वेळी दिवस होते तेव्हा घरात अकरा माणसं आणि त्या सगळ्यांत शेवटी जेवायच्या.

मग मी काय केलं? फार मोठं काही नाही. चहा सोडला नाही, सुटणारही नाही. तो फक्त पुढे ढकलला. उठल्यावर आधी रात्री भिजवलेले मूठभर शेंगदाणे आणि गूळ, किंवा आदल्या दिवशीची भाकरी-चटणी, आणि मग चहा. जेवणानंतरचा चहा बंद. पहिले आठ दिवस डोकं असं दुखलं की विचारू नका. चार महिने गोळ्या घेतल्या, न चुकता, लिंबूपाण्याबरोबर. रात्री सगळ्यांबरोबर पानावर बसायला लागले. यावर घरात बरीच बोलाचाली झाली. पोळ्या गरम कोण वाढणार, हा मुख्य प्रश्न! डब्यात कापडात गुंडाळून ठेवलेल्या पोळ्या कुणी खाल्ल्याने मेलं नाही. उपास दोनांवरून एकावर आणला, देव रागावला नाही. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ आलं. आणि एक दिवस तांदूळ निवडून झाले, तरी माझं तोंड हललं नव्हतं, हे मुलानेच दाखवून दिलं.

शाळेत तितकं यश नाही आलं. खिचडी मिळते, पण ती दुपारी. सकाळसाठी मी आजीला शाळेत बोलावून मुलांना आंबील करून पाजली. तोंडं वाकडी करून अर्ध्यांनी फेकली. गूळ घालून दिली तेव्हा थोडी खपली. टपरीवाल्याला जाऊन सांगितलं की पुडे ठेवू नकोस. तो म्हणाला, "बाई, पुडे ठेवले नाहीत तर मी काय विकू?" त्याचंही पोट आहे. मी त्याला उकडलेली अंडी आणि केळी ठेवायला सुचवलं. ठेवली त्याने, महिनाभर. उरायला लागली तशी बंद केली.

एक हिशेब मात्र उपयोगी पडला. पालकसभेत मी फळ्यावर मांडला. दोन मुलांना रोज दहा-दहा रुपये म्हणजे महिन्याला सहाशे. तेवढ्यात तेव्हा शंभरावर अंडी येत होती, आजच्या भावाने सत्तर-ऐंशी येतील. म्हणजे दोघांना रोज एकेक अंडं देऊन वर शेंगदाण्याचे पैसे उरतात. सभेत बायकाच जास्त होत्या. कुणी काही बोललं नाही. पण त्या मुलीची आई जाताना म्हणाली, "अंडी रात्रीच उकडून ठेवली तर सकाळी चूल नको ना पेटवायला?" हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चूल चार वाजता पेटते ती तिची, माझी नव्हे.

तेव्हापासून वर्गात हजेरीला "हजर बाई" म्हणायच्या ऐवजी मुलांनी सकाळी काय खाल्लं ते सांगायचं, असा नेम लावला. पहिल्यांदा सगळी "चा बाई", "चा बाई". मग "भात बाई". मग कुणीतरी मुद्दाम "कोंबडी बाई!" आणि वर्ग हसून लोळायचा. खोटं बोलायची, पण खोटं बोलायला तरी खायच्या वस्तूंची नावं लागतात. २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सगळंच विस्कटलं. शाळा बंद, कंपन्या बंद. २०२३ मध्ये मी निवृत्त झाले.

ती मुलगी मला गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी डहाणू रोड स्टेशनबाहेर भेटली. मीच ओळखली नाही. उंच झालेली, बारावीला, सुट्टीत फुग्यांच्या कारखान्यात कामाला जाणारी. सकाळचे आठ वाजले असतील. मी घाईत होते. तिने वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, काय खाल्लंत सकाळी?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "उपाशीपोटी रक्त द्यायचंय तपासायला."

तिला ते सबब वाटली असावी. तिने पिशवीतून डबा काढला, त्यातले दोन नागलीचे लाडू कागदात बांधले आणि माझ्या हातात दिले. "रक्त देऊन झालं की लगेच खा. चा नंतर."

मी विचारलं, "आजीने केलेत का?"

"आजी दोन वर्षं झाली गेली, बाई. मीच केलेत. नागली आता आम्ही उधव्याच्या बाजारातून विकत आणतो."